वंशावळीचा हिशेब : प्राण्यांची देवाणघेवाण आणि मराठवाड्याचे भावी प्राणिसंग्रहालय

प्रचलित मोजमाप

प्राणिसंग्रहालयांची आवड बाळगणारा, तेथील घडामोडींची नोंद ठेवणारा आणि त्यांवर हिरिरीने वाद घालणारा एक जाणकार वर्ग महाराष्ट्रात आहे. कोणत्या शहरात कोणता प्राणी आला, कोठून कोणता गेला, कोणते नवे दालन केव्हा खुले होणार, याची या मंडळींना खडान्‌खडा माहिती असते आणि त्यांच्या आस्थेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांच्या मोजमापाबद्दल. संग्रहालयाची प्रतिष्ठा त्याच्या प्रजातींच्या यादीवर ठरते, एखादा प्राणी दुसरीकडे गेला की ती यादी तेवढी दुबळी होते, आणि भावी आराखडा म्हणजे अद्याप यादीत नसलेल्या प्राण्यांची मागणी, असे हे मोजमाप आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात गेली. या मोजमापाने पाहिले तर ती मुंबईची जमा आणि मराठवाड्याची तूट ठरते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच जोडीला वीरा ही मादी झाली तेव्हा ती तूट आणखी वाढली, असेही म्हणावे लागते.

हे मोजमाप उथळ आहे, कारण ते पिंजऱ्याच्या बाहेर पाहत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की बंदिवासातील वन्यप्राण्याचा विचार करण्याचे खरे एकक एकटा प्राणी नाही आणि एकटे संग्रहालयही नाही. ते एकक म्हणजे अनेक संग्रहालयांत विखुरलेली त्या प्रजातीची एकत्रित वंशसंख्या. हे एकदा मान्य केले की प्राण्याचे स्थलांतर हा लाभ-हानीचा प्रसंग न राहता व्यवस्थापनाचे नित्यकर्म ठरते. दालनाचा आराखडाही मग ‘काय दाखवायला आवडेल’ या प्रश्नापासून सुरू होत नाही. कोणत्या प्राण्याच्या किती पिढ्यांची जबाबदारी त्या गावचे पाणी, पशुवैद्यक आणि तिजोरी पेलू शकते, हा पहिला प्रश्न होतो. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने ही चर्चा विशेष उपयोगाची आहे. सिद्धार्थ उद्यान सोडले तर मराठवाड्यात या क्षेत्रातील पाटी जवळजवळ कोरी आहे, आणि कोरी पाटी ही येथे उणीव नसून संधी आहे.

कायद्याचे गृहीतक

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येत नाही, पूर्वमान्यतेशिवाय नवे स्थापन करता येत नाही, आणि कायद्याच्या संरक्षित अनुसूचींतील प्राणी त्याच्या परवानगीवाचून घेता किंवा देता येत नाही. प्रत्येक संग्रहालयाने दीर्घ मुदतीचा बृहत् आराखडा आणि त्यात संग्रह-आराखडा, म्हणजे कोणती प्रजाती किती संख्येने व कोणत्या हेतूने ठेवायची याचे लेखी नियोजन, सादर करावे लागते. मान्यतेच्या नियमांत एक तरतूद अशी आहे की वाजवी कारण नसताना कोणताही प्राणी एक वर्षाहून अधिक काळ जोडीदाराविना ठेवू नये, आणि जोडीदार मिळत नसेल तर त्या प्राण्याला अन्यत्र हलवावे. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने तर वन्यजीव संवर्धनाच्या राष्ट्रीय प्रयत्नांना पूरक ठरणे हाच संग्रहालयांचा मुख्य उद्देश म्हणून घोषित केला.

या सगळ्या तरतुदींचे गृहीतक एकच आहे : प्राणी हा महापालिकेच्या मालमत्ता-नोंदवहीतील बाकासारखा किंवा कारंज्यासारखा नग नाही. नगरसेवकांच्या भाषणांत मात्र तो अजून तसाच असतो.

वंश का फिरता ठेवावा लागतो

पहिली पायरी जीवशास्त्राची आहे. एका जोडीपासून सुरू झालेला आणि बाहेरून नवे रक्त न मिळालेला कळप दोन-तीन पिढ्यांतच आपापसांत जुळू लागतो. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संयोगातून जन्मलेल्या पिल्लाच्या जनुकजोड्यांपैकी सरासरी एक चतुर्थांश जोड्या एकाच पूर्वजाकडून आलेल्या आणि म्हणून हुबेहूब सारख्या असतात. एरवी झाकलेले दोष अशा जोड्यांतून उघडे पडतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्रजातीची वंशावळ-नोंदवही ठेवली जाते, म्हणजे प्रत्येक प्राण्याचे आई-बाप, जन्म, मृत्यू आणि स्थलांतरे यांची एकत्रित नोंद, आणि तिच्या आधारे सर्वांत कमी नातेवाईक असलेल्या प्राण्यांना प्रजननात अग्रक्रम दिला जातो. जगभर वापरले जाणारे सर्वसाधारण उद्दिष्ट असे की मूळ जनुकीय विविधतेचा नव्वद टक्के भाग शंभर वर्षांनंतरही टिकून राहावा. शंभर वर्षांचे हे उद्दिष्ट कोणत्याही एका संग्रहालयाच्या कुंपणात बसत नाही.

हे शास्त्र परके वाटण्याचे लातूर-नांदेडकरांना तरी कारण नाही. देवणी आणि लाल कंधारी या दोन नामांकित गोवंशांची ही जन्मभूमी आहे. अंग पांढरे व तोंडाची बाजू काळी तो वानेरा, जवळजवळ सर्वांग पांढरा तो बाळंक्या, पांढऱ्यावर काळे विस्कळीत ठिपके तो शेवरा, असे देवणीचे पोटप्रकार पशुपालक एका नजरेत सांगतो. गाय फळवताना तिचा बाप कोणता हे तो आधी आठवतो, आणि ज्या वळूच्या लेकी गोठ्यात वाढल्या तो वळू मोडून दुसऱ्या गावचा आणतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावर पाहणारा माणूस दात मोजतो, खूर पाहतो आणि मग वंश विचारतो. गावचा वळू दुसऱ्या गावाला गेला म्हणून गावाची अब्रू गेली असे त्याला वाटत नाही. वाघाच्या बाबतीत मात्र हाच व्यवहार अपमानाचा का ठरावा, याचे उत्तर यादीवाल्यांकडे नाही.

वंशाकडे दुर्लक्ष करून उलट दिशेला गेले तर काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले पांढऱ्या वाघाचे. पांढरा वाघ ही वेगळी प्रजाती नाही; तो एका अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसणाऱ्या गुणाचा, आविष्कार आहे. १९५१ मध्ये रीवा संस्थानचे महाराज मार्तंड सिंह यांनी पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघापासून बंदिवासातील पांढऱ्या वाघांचा वंश सुरू झाला. साध्या वाघिणीपासून त्याला पिवळीच पिल्ले झाली. पांढरी पिल्ले मिळाली ती त्याच्याच लेकीशी, राधाशी, त्याचा संयोग घडवल्यावर. म्हणजे जो रंग पाहायला गर्दी लोटते, तो मुळात आप्तसंयोगाची निशाणी आहे. तिरळेपणासारखे नेत्रदोष या वंशात वारंवार नोंदवले गेले आहेत. सिद्धार्थ उद्यानासह देशातील अनेक संग्रहालयांनी पांढऱ्या वाघांना आपली ओळख बनवले. संवर्धनाच्या हिशेबात मात्र त्यांना मोल नाही, कारण त्यांच्यासाठी खर्ची पडणारी प्रत्येक जागा शुद्ध वंशाच्या वाघाकडून काढून घेतलेली असते. उत्साही मंडळींच्या यादीत पांढरा वाघ अग्रस्थानी असतो, ही गोष्ट त्या यादीबद्दल पुष्कळ काही सांगते.

दुसरे उदाहरण सिंहाचे आहे. अमेरिकेतील संग्रहालयांनी आशियाई सिंहांचा एक प्रजनन कार्यक्रम मोठ्या विश्वासाने चालवला होता. १९८७ मध्ये स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तपासणी करून दाखवले की त्या वंशाच्या पाच मूळ पूर्वजांपैकी दोघांत आफ्रिकी रक्त होते, आणि तो कार्यक्रम आशियाई सिंहाच्या दृष्टीने निरर्थक ठरला. भारतातही चंदीगढजवळच्या छतबीड संग्रहालयात संकरित सिंहांची मोठी संख्या झाली आणि अखेर त्यांचे प्रजनन थांबवून तो वंश नैसर्गिकपणे संपू द्यावा लागला. प्राणी आले, पिल्ले झाली, प्रेक्षक खूष झाले. नोंदवही चुकली आणि सारेच वाया गेले. याच्या तुलनेत २०२२ अखेर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाने वाघांची जोडी जुनागढच्या सक्करबागला देऊन मानस आणि मानसी ही सिंहांची जोडी आणली, तो व्यवहार कमी गाजला असला तरी अधिक शहाणपणाचा होता. सक्करबाग हे गीरच्या सिंहांच्या प्रजननाचे मूळ केंद्र असल्याने आलेल्या जोडीचा वंश ज्ञात होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये मानसीला झालेला छावा त्या वंशात मोजता येतो.

स्थलांतराची किंमत

येथे विरुद्ध टोकाला जाण्याचा धोका आहे. स्थलांतर आवश्यक आहे याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा नाही. प्राण्याला प्रवासाच्या पेटीची सवय आठवडेच्या आठवडे लावावी लागते. पेटीत खाद्य ठेवून, दार उघडे ठेवून, तो आपणहून आत जाऊन बसू लागेपर्यंत थांबावे लागते. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमधील उन्हात असा प्रवास करणे हा गुन्हाच समजला पाहिजे. पोहोचल्यावर विलगीकरण, म्हणजे इतर प्राण्यांपासून दूर ठराविक काळ देखरेखीखाली ठेवणे, अटळ असते.

रोग हा या विषयातील सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात एच५एन१ या पक्षी-तापाच्या विषाणूने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. हे वाघ माणसांशी झालेल्या संघर्षामुळे पकडून तेथे हलवलेले होते. जुलै २०२५ मध्ये पुण्यातील कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात एका आठवड्यात डझनाहून अधिक चितळ मेले आणि कारण निघाले लाळ्या-खुरकूत, म्हणजे लातूर-नांदेडच्या प्रत्येक गोठ्याला ठाऊक असलेला रोग. पशुधनाच्या दाट वस्तीत हरणांचे संग्रहालय उभारताना भोवतालच्या गावांतील जनावरांचे लसीकरण हा त्या संग्रहालयाच्या आराखड्याचाच भाग असला पाहिजे, हा कात्रजचा धडा आहे. नव्या संग्रहालयांच्या संकल्पचित्रांत तो कोठेच दिसत नाही. तेथे दिसते ते प्रवेशद्वारावरचे दगडी तोंड.

भावनेचाही प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठात तीन दशकांहून अधिक काळ राहिलेल्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशानुसार जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवण्यात आले, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या प्रकृतीचा आणि एकटेपणाचा विचार करून दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता. लोकांच्या दृष्टीने ती मठाची लेक होती. न्यायालयाच्या दृष्टीने ती कळपात राहणाऱ्या जातीची, साखळीत एकटी उभी असलेली मादी होती. दोन्ही विधाने खरी आहेत. पण निर्णय घ्यायचा तर प्राण्याच्या गरजेवरून घ्यावा लागतो, कारण माणसांच्या जिव्हाळ्याला दुसरे मार्ग असतात आणि हत्तिणीच्या एकटेपणाला नसतो.

न हलवण्याचीही किंमत असते, हे दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील शंकर या आफ्रिकी हत्तीने दाखवून दिले. १९९८ मध्ये झिंबाब्वेकडून भेट म्हणून तो जोडीदारिणीसह आला. ती काही वर्षांत गेली आणि शंकर एकटाच उरला. जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने २०२४ मध्ये या प्रकरणी दिल्लीचे सदस्यत्व स्थगित केले. सप्टेंबर २०२५ मध्ये शंकर मेला. राजनैतिक भेट म्हणून आलेल्या प्राण्याला परतीची वाट आखलेली नसते. यादी सजवण्यासाठी आणलेल्या प्राण्यालाही नसते.

दालनाचा आराखडा कोठून सुरू व्हावा

दालनाच्या रचनेचा इतिहास हा बहुतांशी प्रेक्षकाच्या डोळ्याचा इतिहास आहे. हाम्बुर्गजवळ १९०७ मध्ये कार्ल हागेनबेक यांनी गजांऐवजी खंदक वापरून प्राणी मोकळ्यावर असल्याचा आभास निर्माण केला. हे गृहस्थ मुळात प्राण्यांचे व्यापारी होते, ही बाब विसरण्यासारखी नाही. त्यांच्या खंदकाने पाहणाऱ्याची टोचणी कमी केली. प्राण्याचे जग किती बदलले हा प्रश्न पुढे स्वित्झर्लंडचे हाइनी हेडिगर यांनी विचारला. बर्न, बाझेल आणि झ्युरिक येथील संग्रहालयांचे संचालक राहिलेल्या हेडिगर यांचे म्हणणे असे की प्राण्याला जागेच्या आकारमानापेक्षा तिची गुणवत्ता अधिक लागते : लपण्याची जागा, टेहळणीची उंच जागा, माणसापासून सुरक्षित वाटेल इतके अंतर, आणि दिवसभर करण्यासारखे काही काम. या कसोटीवर नव्याने बांधली जाणारी पुष्कळ दालने नापास होतील, कारण त्यांची काच प्रेक्षकाला प्राण्याच्या नाकापर्यंत नेते आणि प्राण्याला मागे सरकायला कोपरा ठेवत नाही.

या कसोटीला मराठवाड्यात आणखी तीन कसोट्या जोडाव्या लागतात.

पहिली पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली. ‘जलदूत’ नावाच्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले. ज्या शहराला माणसांसाठी पाण्याची गाडी मागवावी लागली, तेथे पाणघोड्याचा डोह किंवा पाण्याने भरलेले खंदक आखणे ही बेजबाबदारी आहे. दुष्काळात प्रथम कोणाचे पाणी तोडले जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. नांदेडची अडचण उलटी आहे : तेथे विष्णुपुरीचा जलाशय आहे, पण त्याचे दरवाजे उघडले की गोदावरीकाठचा सखल भाग पाण्याखाली जातो, म्हणून नदीकाठची देखणी जागा संग्रहालयासाठी सर्वांत वाईट. लातूरच्या बाबतीत १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचीही आठवण ठेवावी लागेल. हिंस्र प्राण्यांच्या रात्रनिवाऱ्याची भिंत पडली तर काय, हा प्रश्न तेथे काल्पनिक नाही.

दुसरी कसोटी काळाची. बंदिवासातील वाघ सोळा-अठरा वर्षे सहज जगतो, हत्ती साठीपर्यंत जातो, कासव त्याहूनही पुढे. महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि आयुक्ताची बदली त्याआधीच होते. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ ची, लातूरची २०११ ची. म्हणजे लातूर महानगरपालिकेचे आजवरचे सारे आयुष्य एका वाघाच्या आयुष्यात मावते. वाघ आणण्याचा ठराव हा अनेक अनोळखी उत्तराधिकाऱ्यांच्या अंदाजपत्रकावर केलेली सही असते. सिद्धार्थ उद्यानात वाघांचे प्रजनन चांगले होत आले आहे, आणि तरीही जागेच्या व सुविधांच्या उणिवांमुळे २०१८ मध्ये त्याची मान्यता काढून घेण्यात आली आणि महापालिकेला दाद मागून मुदत मिळवावी लागली. मिटमिटा येथील नव्या सफारी उद्यानाची गरज त्यातूनच अधिक तीव्र झाली. त्याच वर्षी नागपूरच्या महाराजबागेवरही मान्यता रद्द होण्याची वेळ आली होती. पिल्ले होणे आणि संग्रहालय नीट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी कसोटी हवामानाची. मुंबईत जुलै २०१६ मध्ये आणलेल्या आठ हम्बोल्ट पेंग्विनांपैकी एक तीन महिन्यांत दगावला आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लू काही दिवसांतच गेले. पुढे त्यांची वीण स्थिरावली आणि संख्या वाढली, हे निष्पक्षपणे नोंदवले पाहिजे. पण ते शक्य झाले अहोरात्र वातानुकूलनाच्या आणि देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या बळावर. भारनियमनाची सवय असलेल्या जिल्ह्यांनी त्याची नक्कल करण्याचा विचारही करू नये.

नांदेड-लातूरपुढील पर्याय

मग या दोन जिल्ह्यांनी काय करावे? येथील निसर्ग दोन तोंडांचा आहे. नांदेडच्या उत्तरेला किनवटचे सागवानी जंगल आणि यवतमाळशी सलग असलेले पैनगंगा अभयारण्य आहे. लातूरला जंगल नावापुरते, पण माळराने आहेत. काळवीट, लांडगा, खोकड, तरस, साळिंदर, तणमोर, घोरपड ही या माळांची प्रजा. पडीक म्हणून सरकारी नोंदींत पडलेल्या याच माळांनी एके काळी माळढोक पोसला. जवळच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या अभयारण्यात तो आता क्वचितच दिसतो, आणि त्याच्या वंशाची शेवटची आशा राजस्थानातील जैसलमेरच्या प्रजनन केंद्रावर येऊन ठेपली आहे, जेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. माळढोक हातचा गेल्यावर धावाधाव झाली. लांडगा आणि तणमोर यांच्याबाबत ती आधी करता येईल.

म्हणून पहिला पर्याय एकाच अधिवासाला वाहिलेल्या लहान संग्रहालयाचा आहे : कमी पाण्यात भागणारे, येथील उन्हाला सरावलेले, माळरानाचे प्राणी मोजक्या संख्येने पण पिढ्यांचा विचार करून ठेवणारे. अशा कामाचा वस्तुपाठ दूर नाही. नांदेडचा जुना संबंध ज्या हैदराबादशी, तेथील नेहरू प्राणिउद्यानाने पिसोरी या सशाएवढ्या, बुजऱ्या, निशाचर हरणाची वीण पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या साहाय्याने २०१० पासून वाढवली आणि ती हरणे अमराबादच्या जंगलात सोडली. पिसोरी पाहायला कोणी गर्दी करत नाही. तरीही त्या उद्यानाच्या कर्तबगारीत पांढऱ्या वाघापेक्षा तिचे स्थान वरचे मानावे लागते. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली, हेही स्थलांतरच. प्राणी संग्रहातून वजा होतो आणि रानात जमा होतो, असे सर्वांत सार्थ स्थलांतर.

दुसरा पर्याय बचाव-केंद्राचा. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात पोहोचला. मराठवाड्यात वाघ आणण्यासाठी ठराव करावा लागला नाही, तो आपल्या पायांनी आला; आणि त्याच्यासाठी जवळपास काहीही सज्ज नव्हते. गोरेवाडा नागपूरला, बिबट्यांचे माणिकडोह केंद्र जुन्नरला. विहिरीत पडलेला लांडगा किंवा उसात सापडलेली बिबट्याची पिल्ले यांना तातडीने उपचार मिळावेत अशी सोय येथे हवी आहे, आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ तयार करू शकेल असे पशुवैद्यक महाविद्यालय लातूर जिल्ह्यातच, उदगीरला आहे. तेथील विद्यार्थी देवणीवर शिकतो. त्याच्या हाती खोकडही येऊ द्यावे. देवणी व लाल कंधारी यांचे जातिवंत कळप अशा संग्रहालयाच्या आवारात सांभाळले, तर माळरानाच्या प्रेक्षकाला वन्य आणि पाळीव हे दोन्ही वंश शेजारी पाहता येतील.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप व्यवहाराचा : वाघ-सिंह नसतील तर तिकीट कोण काढील? आक्षेपात तथ्य आहे, अर्धे. वाघ गर्दी खेचतो. पण त्याच्या मांसाचा, राखणदारांचा आणि औषधांचा खर्चही तोच वाढवतो, आणि तिकिटाच्या पैशांतून तो क्वचितच भागतो. लांडग्याचा कळप नीट मांडला, त्याला खणायला माती आणि फिरायला उतार दिला, आणि तो का दिसत नाही हे सांगणारा जाणता माणूस तेथे उभा केला, तर शालेय सहल त्यासमोर थांबते. असा माणूस नेमणे एक वाघ पोसण्यापेक्षा स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप प्रादेशिक न्यायाचा आहे आणि मराठवाड्यात तो जिव्हारी लागणारा आहे. विकासाचा प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या काळापासून अनुशेषाची भाषा येथील सार्वजनिक जीवनात रुजली आहे. मुंबईला पेंग्विन, नागपूरला सफारी आणि आम्हाला खोकड, हा दुजाभाव नव्हे काय? अनुशेष सिंचनात, रस्त्यांत, शिक्षणात मोजता येतो, कारण तेथे गरज सर्वत्र सारखी असते. संग्रहालयाची गरज सर्वत्र सारखी नसते. प्रत्येक विभागाने तोच वाघ, तोच सिंह, तेच पांढरे बछडे मांडले तर राज्यात पाच सारखी दालने होतील आणि माळरानाचे एकही होणार नाही. खरा अन्याय मराठवाड्याच्या स्वतःच्या प्राण्यांवर होत आहे.

तिसरा आक्षेप संग्रहालये मुळातच नकोत असे म्हणणाऱ्यांचा. त्यांच्याशी भांडण थोडेच आहे. करमणुकीसाठी प्राणी डांबून ठेवण्याचे समर्थन आज करता येत नाही. परंतु जखमी, अनाथ आणि नष्टप्राय प्राण्यांचे काय करायचे याचे उत्तर त्या भूमिकेत मिळत नाही. पिंजोरचे पिंजरे नसते तर पेंचच्या आकाशात ती गिधाडे नसती.

उरतो उत्साही मंडळींचा आक्षेप, की अतिरिक्त प्राणी झाले तर स्थलांतर करता येतेच, मग प्रजननावर बंधन कशाला? कोपनहेगनच्या संग्रहालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये मारियस नावाचा धडधाकट जिराफ मारून टाकला, कारण त्याच्या वंशाचे जिराफ युरोपात आधीच पुरेसे होते. भारतात ते घडणार नाही, घडूही नये. पण म्हणूनच येथे जन्मापूर्वी जागा ठरवणे अधिक आवश्यक आहे. अन्यथा नको असलेले वाघ एका अपुऱ्या आवारातून दुसऱ्या अपुऱ्या आवारात फिरत राहतील आणि त्यालाच देवाणघेवाण म्हटले जाईल.

नांदेड व लातूरच्या महापालिकांपुढे, वनविभागापुढे किंवा एखाद्या लोकप्रतिनिधीपुढे प्राणिसंग्रहालयाचा प्रस्ताव जेव्हा येईल, तेव्हा त्यात प्राण्यांची नावे शेवटच्या पानावर असावीत. त्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात : दुष्काळी वर्षात पाणी कोठून येईल, पूर्णवेळ पशुवैद्यक किती असतील, प्रत्येक प्रजातीच्या वंशावळीत या संग्रहालयाचे काम काय असेल, आणि जन्मलेले प्रत्येक पिल्लू पुढे कोठे जाईल. संकल्पचित्रे पाहून टाळ्या वाजवणाऱ्या प्राणिप्रेमींनीही हीच चार उत्तरे मागावीत, आणि ती मिळेपर्यंत एकाही पिंजऱ्याचा पाया खणू देऊ नये.